नाताळ साधेपणाने साजरा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? १९१२ पासून चालत आलेल्या प्रयत्नांची गोष्ट

नॅशनल रिटेल फेडरेशन ही अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांची संघटना आहे. तिच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत तिथे सुमारे ९९४ अब्ज डॉलरची विक्री झाली. यात गाड्या, पेट्रोल आणि रेस्टॉरंटमधला खर्च धरलेलाच नाही.

हे पैसे खर्च होतात डिसेंबरमध्ये, पण क्रेडिट कार्डाचं बिल येतं जानेवारीत. त्यामुळे 'यंदा नाताळ साधाच करूया' असं दरवर्षी अनेक घरांत ठरतं. ठरवणं सोपं असतं. अवघड असतं ते नातेवाइकांना सांगणं. आपण भेट दिली नाही आणि समोरच्याने आणली तर? मुलांचा हिरमोड झाला तर? लोक कंजूष म्हणाले तर?

दिवाळीच्या आधी बोनसचा हिशोब मांडणाऱ्या मराठी घरांना हे प्रश्न नवीन नाहीत. पण पाश्चात्त्य देशांत या प्रश्नांवर शंभरहून जास्त वर्षं चळवळी झाल्या, पुस्तकं लिहिली गेली, अर्थशास्त्रज्ञांनी आकडेमोडही केली. त्यातून काय हाती लागलं, ते पाहूया.

ख्रिसमस इतका खर्चिक कधी झाला?

ख्रिसमसला विरोध झाला तो आधी धार्मिक कारणावरून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत प्युरिटन पंथाच्या लोकांचं वर्चस्व होतं. बायबलमध्ये या सणाचा आदेश नाही आणि सणाच्या नावाखाली दारू आणि दंगा चालतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १६५९ मध्ये तिथे ख्रिसमस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड करणारा कायदा झाला. तो १६८१ मध्ये रद्द झाला.

आज दिसतो तो घरगुती, भेटवस्तूंचा ख्रिसमस मुख्यतः १९ व्या शतकात घडला. १८२३ मध्ये सांता क्लॉजची आजची प्रतिमा रुजवणारी एक कविता अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात छापून आली. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये दोन गोष्टी घडल्या. चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' प्रसिद्ध झाली आणि हेन्री कोल यांनी विक्रीसाठीचं पहिलं ख्रिसमस कार्ड छापून घेतलं. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र एका साप्ताहिकात आलं आणि मध्यमवर्गीय घरांत झाड आणायची पद्धत पसरली.

त्याच काळात कारखान्यांतून खेळणी आणि शोभेच्या वस्तू स्वस्तात तयार होऊ लागल्या. मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स उघडली. पूर्वी मुलांना फळं, सुकामेवा किंवा घरी केलेलं एखादं खेळणं मिळायचं. आता विकत आणलेली वस्तू हीच भेट झाली.

सणाचा बाजाराशी संबंध किती घट्ट झाला, याचं एक उदाहरण १९३९ चं आहे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगनंतर ख्रिसमसची खरेदी सुरू होते. त्या वर्षी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता, म्हणजे खरेदीला दिवस कमी मिळणार होते. व्यापाऱ्यांच्या मागणीवरून अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी थँक्सगिव्हिंग एक आठवडा अलीकडे आणला. साधारण निम्म्या राज्यांनी ते मानलं, बाकीच्यांनी जुनीच तारीख पाळली. हा गोंधळ मिटवायला १९४१ मध्ये संसदेला कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का करावा लागला.

'स्पग' ही काय भानगड होती?

नाताळच्या खर्चाविरोधातली पहिली गाजलेली चळवळ १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. नाव होतं 'सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ यूसलेस गिव्हिंग', म्हणजे निरुपयोगी भेटी रोखणारी संस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिच्या सदस्यांना 'स्पग' म्हणायला लागले.

संस्थेमागे दोन श्रीमंत स्त्रिया होत्या. एक एलिनॉर रॉबसन बेलमाँट, पूर्वाश्रमीच्या अभिनेत्री. दुसऱ्या अ‍ॅन मॉर्गन, प्रसिद्ध बँकर जे. पी. मॉर्गन यांची मुलगी. पण प्रश्न श्रीमंतांचा नव्हता. दुकानांत आणि कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींकडून ख्रिसमसला साहेबांच्या भेटीसाठी वर्गणी काढली जायची. वर्गणी 'ऐच्छिक' असली, तरी नाही कोण म्हणणार? सुट्टीसाठी वर्षभर साठवलेले पैसे त्यात जायचे.

ऑफिसात वरिष्ठांच्या वाढदिवसाला किंवा निरोप समारंभाला पाकीट फिरलं की कनिष्ठ कर्मचाऱ्याची जी अवस्था होते, तीच ही.

या मुलींना एकट्याने नकार देणं शक्य नव्हतं. संस्थेची सदस्य झाल्यावर 'आम्ही स्पग आहोत, आम्ही वर्गणी देत नाही' असं सगळ्याजणी मिळून सांगू शकल्या. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही डिसेंबर १९१२ मध्ये सदस्यत्व घेतलं, त्यामुळे वर्तमानपत्रांत मोठी प्रसिद्धी मिळाली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात ही चळवळ विरून गेली.

त्याआधी कामगार हक्कांसाठी लढणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी याच सणाची दुसरी बाजू मांडली होती. ख्रिसमसच्या गर्दीमुळे दुकानातल्या मुलींना आणि सामान पोहोचवणाऱ्या लहान मुलांना रात्री उशिरापर्यंत राबावं लागतं, हे त्यांनी दाखवून दिलं. 'खरेदी लवकर उरका' ही मोहीम यातूनच आली. आज ही सूचना सवलतीसाठी दिली जाते, पण मूळ हेतू कामगारांना झोप मिळावी हा होता.

एका ख्रिसमसचं कर्ज किती दिवस फिटतं?

अमेरिकेत क्रेडिट कार्डाचा सरासरी वार्षिक व्याजदर अलीकडच्या वर्षांत २० टक्क्यांच्या वर राहिला आहे. समजा एखाद्या कुटुंबाने ख्रिसमसला १,००० डॉलर कार्डावर खर्च केले. व्याजदर २१ टक्के धरला आणि दर महिन्याला ५० डॉलर भरले, तर हे कर्ज फिटायला २५ महिने लागतात. व्याजाचेच सुमारे २४० डॉलर जातात. म्हणजे त्या एका ख्रिसमसचे हप्ते संपायच्या आत पुढचे दोन ख्रिसमस येऊन जातात. त्यांचाही खर्च कार्डावरच झाला, तर ही साखळी तुटतच नाही.

यावर जुना उपाय होता 'ख्रिसमस क्लब'. १९०९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल ट्रस्ट कंपनी या बँकेने असं खातं सुरू केलं. दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे आणि डिसेंबरच्या तोंडावर सगळी रक्कम एकदम घ्यायची. आपल्याकडच्या भिशीची किंवा दिवाळी फंडाची आठवण यावी अशीच ही कल्पना. ती पुढे अनेक बँकांनी उचलली.

पण पैसे कोणाकडे साठवतो, हेही महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी लोकांकडून वर्षभर हप्ते घेऊन ख्रिसमसला व्हाउचर आणि खाण्याच्या पेट्या द्यायची. ऑक्टोबर २००६ मध्ये, सण दोन महिन्यांवर असताना ती बुडाली. एक लाखाहून जास्त ग्राहकांचे पैसे अडकले. त्यातले बहुतेक कमी उत्पन्नाचे, कर्ज नको म्हणून आधीपासून साठवणारे लोक होते. ही बँक नव्हती, त्यामुळे बँक ठेवींना असतं तसं संरक्षण नव्हतं. सहा वर्षांनंतरही त्यांना साधारण निम्मेच पैसे परत मिळाले होते.

यातून घ्यायचा धडा एवढाच, की सणासाठी साठवायचं असेल तर स्वतःच्या नावावरच्या बँक खात्यात साठवावं. छोट्या रकमेचं आवर्ती ठेव खातंही पुरतं.

महाग भेट जास्त आवडते का?

१९९३ मध्ये जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाचा एक निबंध 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला आणि खूप गाजला. त्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, 'ख्रिसमसला मिळालेली वस्तू तुम्ही स्वतः घेतली असती, तर किती पैसे मोजले असते?' भावनिक मूल्य बाजूला ठेवायला सांगितलं होतं. देणाऱ्याने जेवढे पैसे घातले, त्यापेक्षा घेणाऱ्याला वाटणारी किंमत १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरली.

साध्या भाषेत, १,००० रुपयांचा शर्ट आला, पण तो घेणाऱ्याच्या लेखी साधारण ६७० ते ९०० रुपयांचाच. मधले पैसे कोणालाच मिळाले नाहीत. मित्रमैत्रिणींच्या भेटींत हे नुकसान कमी होतं, लांबच्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त. कारण उघड आहे. ज्याला आपण रोज भेटतो, त्याला काय हवंय ते आपल्याला माहीत असतं.

हा निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केला नाही. १९९६ मध्ये सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे यांनी त्याच नियतकालिकात वेगळे आकडे मांडले. त्यांच्या पाहणीत लोकांनी भेटीची किंमत खरेदीच्या किमतीपेक्षा जास्त धरली होती. म्हणजे भेट ही नुसती वस्तू नसते, कोणी दिली यालाही मोल असतं.

तिसरा अभ्यास २००९ चा, फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांचा. देणाऱ्यांना वाटत होतं की भेट जितकी महाग, तितकी ती समोरच्याला आवडेल. घेणाऱ्यांच्या उत्तरांत मात्र किंमत आणि आनंद यांचा असा संबंध दिसला नाही.

तिन्ही अभ्यास एकत्र वाचले तर खर्च कमी करणाऱ्याला धीर येतो. भेट दिल्याने माणसं जवळ येतात. मात्र भेटीची किंमत दुप्पट केली म्हणून जवळीक दुप्पट होत नाही.

शंभर डॉलरचा ख्रिसमस आणि 'भेट नको' करार

१९९८ मध्ये पर्यावरणविषयक लेखक बिल मॅकिबेन यांचं 'हंड्रेड डॉलर हॉलिडे' हे छोटं पुस्तक आलं. एका कुटुंबाने ख्रिसमसवर शंभर डॉलरच खर्च करायचे, ही कल्पना त्यांनी आणि चर्चमधल्या त्यांच्या मित्रांनी आपल्या भागात मांडली होती. मॅकिबेन यांचा मुद्दा असा की जुन्या काळी वर्षभर टंचाई असायची, म्हणून सणाला भरपूर खाणं आणि वस्तू यांचं अप्रूप होतं. आता वस्तू बारा महिने मिळतात. टंचाई आहे ती वेळेची, शांततेची आणि सोबतीची. सणाला तेच द्यायला हवं.

कॅनडातल्या काही मेनोनाइट ख्रिश्चनांनी २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत 'बाय नथिंग ख्रिसमस' ही मोहीम चालवली. काहीही विकत न घेता सण साजरा करायचा, असं तिचं नाव सांगतं.

ब्रिटनमध्ये पैशांच्या नियोजनावर लिहिणारे पत्रकार मार्टिन लुइस यांनी याहून सोपा मार्ग सुचवला. ओळखीच्या माणसांनी आधीच एकमेकांशी 'अनावश्यक भेट नको' असा करार करायचा. आपण भेट दिली की समोरच्यावरही परतफेडीचं ओझं येतं, मग त्याला परवडत असो वा नसो, हा त्यांचा युक्तिवाद. शंभर वर्षांपूर्वीच्या स्पग मुलींनी केलं तेच हे. नकार एकट्याने द्यायचा नाही, दोघांनी मिळून ठरवायचं.

आइसलँडमध्ये ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी पुस्तकं भेट देण्याची पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयातीवर निर्बंध होते, पण कागद त्यामानाने मिळत होता, म्हणून पुस्तकं हीच भेट झाली. १९४४ पासून तिथे नव्या पुस्तकांची यादी छापली जाते आणि घरोघर पोहोचते. टंचाईतून आलेली ही सवय सुबत्ता आल्यावरही टिकली.

गोवा आणि वसईत काय होतं?

'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. गोव्यात आणि कोकणपट्टीतल्या ख्रिस्ती घरांत सणाचा मोठा भाग अजूनही स्वयंपाकघरात आणि अंगणात घडतो. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, कुलकुल हा फराळ करायला घरातले सगळे बसतात. कुलकुलाच्या पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर दाबून वळायची, हे काम लहान मुलांकडे येतं. तयार फराळाची ताटं शेजारी जातात आणि त्यात हिंदू शेजारीही असतात. दिवाळीला त्यांच्याकडून करंज्या-चकल्या आलेल्या असतात.

बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागदाचा तारा घरी करता येतो. आकाशकंदील ज्याला जमतो त्याला ताराही जमतो. येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात हिरवळ दिसावी म्हणून काही दिवस आधी नाचणी पेरून तिचे कोंब वाढवतात. मूठभर नाचणीत काम होतं.

तयार तारे, प्लास्टिकची झाडं आणि ऑनलाइन केक आता इथेही मिळतात. तरीही फराळाच्या ताटाला परतफेडीचा हिशोब नाही. शेजारच्या ताटात किती रुपयांचा माल आहे हे कोणी मोजत नाही. पाश्चात्त्य देशांतल्या मोहिमा ज्याच्या शोधात आहेत, ते इथल्या जुन्या पद्धतीत आहेच.

खर्च कमी करणारी कुटुंबं प्रत्यक्षात काय करतात?

१. नोव्हेंबर संपायच्या आत बोलतात. लोकांची खरेदी झाल्यावर 'भेटी नकोत' म्हटलं तर गैरसमज होतो. 'यंदा मोठ्यांसाठी भेटी नकोत, मुलांपुरत्या ठेवूया का?' असं विचारलं तर अनेकदा समोरचाही सुटकेचा श्वास टाकतो.

२. चिठ्ठ्या टाकतात. घरात दहा मोठी माणसं असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाला भेट दिली, तर ९० भेटी होतात. चिठ्ठी काढून प्रत्येकाने एकालाच दिली तर दहाच. ऑफिसातला 'सीक्रेट सांता' तो हाच. रकमेची मर्यादा ठरवताना सर्वांत कमी कमावणाऱ्याला काय परवडेल ते पाहायचं, सरासरी नाही.

३. मुलांसाठी चार भेटींचा नियम करतात. एक हवीशी, एक गरजेची, एक घालायची, एक वाचायची. मुलांनाही आधीपासून माहीत असलं की यादी आपोआप आवरते.

४. एकूण आकडा आधी लिहितात. भेटी, जेवण, प्रवास, सजावट, नवे कपडे, देणगी असे रकाने करून प्रत्येकापुढे रक्कम लिहायची. खर्च भेटींवरच होतो असं वाटतं, पण प्रवास आणि जेवण बरेचदा जास्त खातात.

५. जेवण वाटून घेतात. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. यजमानाचा खर्च वाचतो आणि कामही.

६. कागद वाचवतात. जपानमध्ये चौकोनी कापडात भेट गुंडाळायची 'फुरोशिकी' ही पद्धत आहे. आपल्याकडे ओढणी, जुनी साडी किंवा रुमाल आहेच. झाड आणि दिवे मागच्या वर्षीचेच चालतात.

यात अडचणी नाहीत का?

आहेत. पहिली म्हणजे 'घरी करा' या सल्ल्याची. घरी केलेली भेट स्वस्त असते, पण तिला वेळ लागतो आणि तो बहुतेक घरांत बाईचाच जातो. वाचलेल्या पैशांची किंमत एकीनेच रात्री जागून चुकवायची असेल, तर सण साधा झाला असं म्हणता येत नाही. काय करायचं यासोबत कोण करणार हेही ठरवावं लागतं.

दुसरी अडचण आजी-आजोबांची. नातवंडांना भेट देण्यात त्यांचा वर्षाचा आनंद असतो. त्यांना 'काही आणू नका' म्हटलं की ते दुखावतात. अशा वेळी 'एक पुस्तक आणा आणि तुम्हीच वाचून दाखवा' असं नेमकं काम सांगितलेलं बरं.

तिसरी मुलांची. शाळेत मित्र आपापल्या भेटी सांगतात, सोशल मीडियावर झाडाखालचा ढीग दिसतो. 'आपल्याकडे पैसे नाहीत' असं ऐकून लहान मूल घाबरतं. 'आपण यावर्षी यासाठी एवढे पैसे ठेवलेत, त्यातून काय घ्यायचं ते तू निवड' असं सांगितलं तर निर्णयात त्याचाही वाटा राहतो. शिवाय ज्या गोष्टी दरवर्षी तशाच व्हायच्या असतात, त्या कापायच्या नाहीत. कुलकुल करणं, झाड सजवणं, मिडनाइट मास, चुलत भावंडांकडे राहायला जाणं, यांतलं मुलांना काय हवं हे त्यांनाच विचारावं. उत्तरात महागड्या गोष्टी फारशा निघत नाहीत.

चौथा आक्षेप व्यापाराचा. सगळ्यांनी खर्च थांबवला तर छोट्या दुकानदारांचं काय? स्थानिक बेकरी, मेणबत्त्या करणारे कारागीर, कागदी तारे विकणारे यांचं वर्षाचं उत्पन्न याच दिवसांवर असतं. म्हणून अनेक कुटुंबं खर्च शून्यावर आणत नाहीत. दहा वस्तू कमी करतात आणि जी एक घेतात ती ओळखीच्या माणसाकडून घेतात.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर मागच्या वर्षीच्या नाताळला, किंवा दिवाळीला, कोणाकडून काय मिळालं ते आठवून लिहून काढा. जे आठवत नाही, त्यावर खर्च केलेले पैसे यंदा वाचवता येतील. आणि ज्या नातेवाइकाशी भेटींबद्दल बोलायचं राहिलंय, त्याला फोन डिसेंबर लागायच्या आधी करा.